संकल्पातला देशकाल : २०२४ चे जाहीरनामे, नांदेड-लातूरहून वाचताना

मराठीत कादंबरीची समीक्षा होते, कवितेची होते, आत्मचरित्रांची तर भरपूर होते. निवडणुकीच्या जाहीरनाम्याची मात्र होत नाही. मतदानाच्या आठ-दहा दिवस आधी तो प्रसिद्ध होतो, वर्तमानपत्रे त्यातली दहा-बारा कलमे चौकटीत छापतात आणि निकाल लागला की तो रद्दीत जातो. पुढे पाच वर्षे भांडण चालते ते शब्द पाळला की नाही याचे. मुळात शब्द काय होता, वाक्य कसे रचले होते, हे पाहायला कुणाला सवड नसते.

मी अर्थतज्ज्ञ नाही आणि राज्यशास्त्राची पदवीही माझ्याकडे नाही. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत फिरताना गेली पंचवीस-तीस वर्षे निवडणुकीची पत्रके आणि पुस्तिका गोळा करत आलो, आणि त्या मजकूर म्हणून वाचत आलो. या लेखात २० नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीसाठी भारतीय जनता पक्षाने काढलेल्या 'संकल्पपत्रा'चे तसे वाचन करायचे आहे. तुलनेला महाविकास आघाडीचा 'महाराष्ट्रनामा' ठेवला आहे. दोन्ही मुंबईत एकाच दिवशी, १० नोव्हेंबरला प्रसिद्ध झाले.

१. नावात काय आहे?

'जाहीरनामा' हा शब्द अरबी-फारसी वळणाचा, दरबारातून आणि कचेरीतून आलेला. सरकारने रयतेला काही कळवायचे तर ते जाहीरनाम्याने. पक्षांना तो कोरडा वाटला असावा. शिवसेनेने 'वचननामा' हे नाव रूढ केले, भाजपने 'संकल्पपत्र' स्वीकारले, आणि अलीकडे सगळेच 'गॅरंटी' म्हणू लागले. कळवण्यापासून वचनापर्यंत, वचनापासून संकल्पापर्यंत आणि तिथून हमीपर्यंत, दर वेळी शब्दाचे वजन वाढत गेले. वाक्याचे वजन वाढले का, हा माझा प्रश्न आहे.

'संकल्प' हा शब्द पक्षाने निवडला आहे, तर त्याच शब्दाच्या कसोटीवर मजकूर घासून पाहणे न्यायाचे ठरेल. पूजेला बसल्यावर गुरुजी आधी संकल्प सोडायला लावतात. हातात पाणी घेऊन यजमान सांगतो की मी अमुक नावाचा, अमुक गोत्राचा, आज या संवत्सरात, या महिन्यात, या तिथीला, या ठिकाणी, अमुक हेतूने, अमुक कर्म करणार आहे. आपण गोदावरीच्या उत्तर तीरावर बसलो आहोत की दक्षिण तीरावर, हेसुद्धा त्यात येते. नांदेडचा यजमान एक तीर सांगतो, लातूरचा दुसरे. देशकालाचा उच्चार झाल्याशिवाय संकल्प पुरा होत नाही. ज्यांनी ही पद्धत बसवली त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती : कोण, कुठे, केव्हा आणि कशाने, हे न सांगता घेतलेली प्रतिज्ञा कुणालाच बांधत नाही.

तेव्हा कर्ता, देश, काळ आणि द्रव्य या चार गोष्टी शोधत मी ही पाने वाचली.

२. सोयाबीनचे वाक्य

नांदेड-लातूरच्या शेतकऱ्याचे नगदी पीक आता सोयाबीन. लातूरच्या आडत बाजारात निघणाऱ्या भावाकडे राज्यभरातल्या व्यापाऱ्यांचे लक्ष असते. २०२१ च्या ऑगस्टच्या सुमारास याच बाजाराने क्विंटलला दहा हजारांवरचा भाव पाहिला. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजार चार हजारांच्या आसपास रेंगाळत होता. रास घरात, दिवाळी दारात आणि मतदान तोंडावर, अशा वेळी सोयाबीनचे आश्वासन येणे साहजिक होते.

संकल्पपत्राने किमान सहा हजार रुपये भाव सांगितला. काँग्रेसकडून राहुल गांधींनी सात हजार आणि वर बोनस असे सांगितले. प्रचारसभांतून हा सौदा सहा-सात असा गाजला. आकडा आला की वाक्य नेमके झाले, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात आकडा हा या वाक्यातला सर्वांत निसरडा भाग आहे.

एक साधा हिशेब करू. त्याच प्रचारात महायुतीने हमीभावावर २० टक्के अनुदान देण्याचेही जाहीर केले होते. ४,८९२ वर २० टक्के धरले तर ५,८७० रुपये ४० पैसे होतात. म्हणजे एकाच आघाडीच्या दोन आश्वासनांतून एकाच शेतमालाचे दोन भाव निघतात आणि त्यांत क्विंटलला सुमारे १३० रुपयांचा फरक पडतो. यातले खरे कोणते? सहा हजारांचा भाव बाजाराने द्यायचा, सरकारने खरेदी करून द्यायचा, की फरक खात्यावर जमा करायचा? वाक्यात कर्ता सापडत नाही. 'भाव मिळेल' या क्रियापदात मिळणारा दिसतो, देणारा दिसत नाही.

हा कर्ता लपणे व्याकरणापुरते असते तर मी त्यावर पाने खर्च केली नसती. सोयाबीनचा भाव ज्या कळांनी वर-खाली होतो त्या मुंबईत नाहीत. हमीभाव केंद्र ठरवते. खरेदी 'नाफेड'सारख्या केंद्रीय संस्थांमार्फत होते आणि किंमत समर्थन योजनेत तेलबियांची केंद्राच्या खर्चाने होणारी खरेदी साधारणपणे राज्याच्या उत्पादनाच्या २५ टक्क्यांपुरती असते. खाद्यतेलाचे आयात शुल्क तर पूर्णपणे केंद्राच्या हाती. सप्टेंबर २०२४ मध्ये, म्हणजे निवडणुकीच्या दोन महिने आधी, कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्क्यांवर नेले गेले. ३० मे २०२५ ला, म्हणजे निकालानंतर सहा महिन्यांनी आणि पेरणीच्या तोंडावर, ते २० वरून १० टक्क्यांवर आले. शहरातल्या गृहिणीला तेल स्वस्त मिळावे, हा हेतू मी गैर मानत नाही. पण सहा हजारांचे वाक्य लिहिणारा पक्ष आणि शुल्क निम्मे करणारा पक्ष एकच आहे. त्या वाक्यात कर्ता लिहिलेला असता, तर शुल्क कमी करण्याआधी दिल्लीत कुणाला तरी ते वाक्य आठवावे लागले असते.

याच्या शेजारी दुसरे एक वाक्य ठेवतो. मतदानाला पाच दिवस उरले असताना, १५ नोव्हेंबर २०२४ ला, केंद्राच्या कृषी खात्याने सोयाबीन खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्के केली. त्या हंगामापुरती सवलत, आणि जादा ओलाव्यामुळे होणारा खर्च व नुकसान राज्याने सोसायचे, असे त्यात म्हटले होते. भाषा रुक्ष, वाचायला कंटाळवाणी. पण कोण, केव्हा, किती आणि कुणाच्या खर्चाने, हे चारही त्यात होते. ज्याचा माल काट्यावरून ओलाव्याच्या कारणाने परत गेला आहे, त्याला या दोन वाक्यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही.

३. 'योग्य वेळ' नावाची तिथी

कर्जमाफीच्या कलमात काळाचा प्रश्न सर्वांत उघडा पडतो. 'महाराष्ट्रनाम्या'त तीन लाखांपर्यंतची मर्यादा आणि नियमित फेडणाऱ्यांना ५० हजारांचे प्रोत्साहन होते, तारीख नव्हती. संकल्पपत्रात कर्जमाफी होती. ती किती रकमेपर्यंतची आणि कोणत्या तारखेपर्यंत थकलेल्या कर्जाची, हे नव्हते.

याआधी असे झालेले नाही. डिसेंबर २०१९ मध्ये उद्धव ठाकरे सरकारने महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने कर्जमुक्ती योजना आणली. १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०१९ या काळात घेतलेले, ३० सप्टेंबर २०१९ रोजी थकीत असलेले, दोन लाखांपर्यंतचे पीककर्ज, अशी तिची चौकट होती. तीवर टीका करता येत होती, कारण ती धरता येत होती. देवेंद्र फडणवीस यांच्या २०१७ च्या योजनेतही दीड लाखाची मर्यादा स्पष्ट होती. शासन निर्णयाला तारीख लिहावीच लागते, आणि ती लिहायची कशी हे दोन्ही बाजूंना येते. जाहीरनाम्यात मात्र ती दोघेही लिहीत नाहीत.

निकालानंतर 'योग्य वेळी' हा शब्दप्रयोग सत्ताधाऱ्यांच्या तोंडी रुळला. २८ मार्च २०२५ ला अर्थमंत्री अजित पवार यांनी शेतकऱ्यांना ३१ मार्चच्या आत पीककर्ज भरायला सांगितले. कर्जमाफीच्या संदर्भात शेतकऱ्याच्या कानावर तेव्हा पडलेली ठळक तारीख ती हीच, आणि तीही परतफेडीची. २०२५ च्या सप्टेंबरात मांजरा, तेरणा आणि गोदावरीला आलेल्या पुराने उभे सोयाबीन पाण्यात गेले. तोवर कर्जमाफीचा निर्णय झालेला नव्हता. योग्य वेळ कोणती याची व्याख्या संकल्पात लिहिली असती, तर ती मागणी आंदोलनाने करावी लागली नसती.

४. अनुशेष ते ओवाळणी

आता सर्वांत गाजलेले कलम. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचा शासन निर्णय २८ जून २०२४ चा. दरमहा १,५०० रुपये. ऑगस्टमध्ये रक्षाबंधनाच्या तोंडावर पहिले दोन हप्ते जमा झाले. १५ ऑक्टोबरला आचारसंहिता लागण्याआधीच नोव्हेंबरपर्यंतचे हप्ते भाऊबीजेची ओवाळणी म्हणून पोचले. संकल्पपत्राने ही रक्कम २,१०० करण्याचे सांगितले. महाविकास आघाडीने 'महालक्ष्मी' योजनेत ३,००० सांगितले.

या रकमेची टिंगल करणाऱ्यांत मी नाही. सोयाबीन काढणीला जाणाऱ्या बाईच्या खात्यावर, तिच्या नावाने, कुणाच्या सहीशिवाय दरमहा १,५०० रुपये येणे ही तिच्या घरातली मोठी घटना आहे. औषध, शाळेची वही, किराण्याची उधारी यांत त्या पैशाची किंमत काय, हे ज्यांनी ती उधारी कधी ठेवली नाही त्यांनी सांगू नये. माझा आक्षेप पैशाला नसून नात्याच्या शब्दाला आहे.

हप्ता चुकला तर सरकारला जाब विचारता येतो. ओवाळणीचा हिशेब मात्र बहीण भावाकडे मागत नाही. कमी घातली तर मनात ठेवते, आणि पुढच्या वर्षी पुन्हा ताट घेऊन उभी राहते. कल्याणकारी योजनेला नात्याचे नाव दिले की नागरिकाचा हक्क मायेच्या भाषेत विरघळतो. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात योजनेसाठी ३६ हजार कोटी ठेवले गेले. २,१०० चा उल्लेख आला नाही. लाभार्थींची संख्या सव्वादोन ते अडीच कोटी धरली, तर ६०० रुपयांच्या वाढीला वर्षाकाठी आणखी १६ ते १८ हजार कोटी लागतात. ही बेरीज-गुणाकार नोव्हेंबर २०२४ मध्येही करता येत होता. तो करून दाखवणे हे संकल्पपत्राचे काम होते.

मराठवाड्याच्या संदर्भात या शब्दबदलाला आणखी एक पदर आहे. या प्रदेशाचा राजकीय शब्द होता 'अनुशेष'. मराठवाडा महाराष्ट्रात बिनशर्त आला, हे वाक्य इथल्या दोन पिढ्यांच्या तोंडपाठ आहे. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात समान विकासाचे बोल होते. १९७४ चे विद्यार्थ्यांचे विकास आंदोलन, गोविंदभाई श्रॉफ यांची मराठवाडा जनता विकास परिषद, वि. म. दांडेकर समितीचा १९८४ चा अहवाल आणि त्यातला राज्यभराचा सुमारे ३,१८७ कोटींचा अनुशेष, १९९४ मध्ये राज्यघटनेच्या ३७१(२) कलमाखाली आलेली वैधानिक विकास मंडळे, अशी ही लांब वाट आहे. 'अनुशेष' म्हणजे राहिलेले देणे. या शब्दात सरकार कर्जदार आहे आणि प्रदेश सावकार. 'ओवाळणी' या शब्दात सरकार दाता आहे आणि नागरिक घेणारी. विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली, तेव्हा सत्तेवर महाविकास आघाडी होती. पुढे २०२२ मध्ये महायुती सरकारच्या मंत्रिमंडळाने ती पुन्हा स्थापण्याचा निर्णय घेतला, पण मंडळे उभी राहिली नाहीत. त्यासाठी नांदेडात किंवा लातुरात मोठा मोर्चा निघाल्याचे मला आठवत नाही. शब्द गेला की मागणीही हळूहळू जाते.

आणि हे अशा दोन जिल्ह्यांत, ज्यांनी राज्याला चार मुख्यमंत्री दिले. नांदेडचे शंकरराव चव्हाण आणि अशोक चव्हाण, लातूरचे शिवाजीराव पाटील निलंगेकर आणि विलासराव देशमुख. एप्रिल २०१६ मध्ये त्याच लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. भाजपच्या २०१९ च्या संकल्पपत्रात कोकणात वाहून जाणारे १६७ टीएमसी पाणी गोदावरी खोऱ्यात आणण्याचे आणि मराठवाडा वॉटर ग्रिडचे आश्वासन होते. १६ सप्टेंबर २०२३ ला छत्रपती संभाजीनगरच्या मंत्रिमंडळ बैठकीत ४५ हजार कोटींहून मोठ्या पॅकेजची घोषणा झाली. पाण्याच्या आश्वासनात देश होता, आकडाही होता, काळ नव्हता. २०२४ च्या सभांत मात्र व्यासपीठावरून ऐकू आले ते प्रामुख्याने खात्यावर जमा होणाऱ्या रकमांचे आकडे. हप्ता महिन्याला दाखवता येतो, कालवा पाच वर्षांत दाखवता येत नाही, हे यामागचे गणित कुणालाही कळेल.

५. चारही गोष्टी असलेले वाक्य

जाहीरनाम्यात इतका तपशील कसा येणार, तो काय कायदा आहे, असा आक्षेप घेता येईल. त्याला माझे उत्तर महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे.

१९७२ च्या दुष्काळात राज्यभर पसरलेली रोजगार हमी योजना वि. स. पागे यांच्या विचारातून आली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागणाऱ्याला १५ दिवसांत काम, न दिल्यास बेकारी भत्ता. पैसा कुठून? त्यासाठी व्यवसाय कर बसवला आणि तितकीच भर राज्याने घालायची ठरली. शहरातल्या पगारदाराच्या पावतीवर दरमहा दिसणारी ती छोटी कपात म्हणजे खेड्यातल्या खडी फोडणाऱ्या बाईच्या मजुरीची तरतूद होती. योजनेत भ्रष्टाचार झाला, हजेरीपटांवर खोटी नावे आली, हे खरे. पण ते खोटे ठरवता आले, कारण खरे काय असायला हवे ते लिहिलेले होते. पुढे २००५ मध्ये देशाने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा समोर महाराष्ट्राचा अनुभव होता.

याच राज्यात दुसरे उदाहरणही आहे. २००४ च्या निवडणुकीआधी काँग्रेस आघाडीच्या सरकारने शेतकऱ्यांना मोफत वीज दिली. निवडणूक जिंकल्यावर वर्षभरातच ती मागे घेतली. जुलै २०२४ मध्ये महायुती सरकारने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांसाठी मोफत विजेचा शासन निर्णय काढला, आणि त्यात मुदत लिहिली आहे : मार्च २०२९. या एका बाबतीत २०२४ चे वाक्य २००४ च्या वाक्यापेक्षा चांगले आहे, हे मान्य केले पाहिजे. ते पाळले जाते की नाही, हे आता कुणालाही दिनदर्शिका पाहून सांगता येईल.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. ५ जुलै २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्या सुब्रमण्यम बालाजी खटल्यात म्हटले की जाहीरनाम्यातली आश्वासने लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३ व्या कलमाखाली भ्रष्ट आचार ठरत नाहीत. मात्र निवडणूक आयोगाने मार्गदर्शक तत्त्वे करावीत. त्यानुसार २०१४ मध्ये आदर्श आचारसंहितेत जाहीरनाम्यांचा भाग आला. आश्वासनामागचे कारण आणि ते पुरे करण्यासाठी लागणाऱ्या पैशाचा मार्ग ढोबळमानाने सांगावा, असे तो म्हणतो. म्हणजे मी मागतो ते द्रव्य आयोगानेही मागितले आहे. 'ढोबळमानाने' या शब्दाच्या आडोशाला सगळे पक्ष सुखाने बसले आहेत.

६. मतदार काय वाचतो?

जाहीरनामा बघून कोण मत देतो, असे म्हणून हा विषय झटकता येतो. नांदेडचा निकाल मला असे झटकू देत नाही. २० नोव्हेंबर २०२४ ला तिथे विधानसभेबरोबर लोकसभेची पोटनिवडणूकही होती. त्या लोकसभा मतदारसंघातल्या सहाही विधानसभा जागा महायुतीने जिंकल्या. त्याच दिवशी, त्याच केंद्रांवर, शेजारच्या यंत्रावर लोकसभेसाठी काँग्रेसचे रवींद्र चव्हाण १,४५७ मतांनी निवडून आले. लातूर जिल्ह्यात सहापैकी पाच जागा महायुतीला आणि लातूर शहर काँग्रेसच्या अमित देशमुखांना.

नांदेडच्या या निकालामागे उमेदवार, जात, सहानुभूती, पक्षांतरे अशी अनेक कारणे असतील आणि त्यांतले एकच उचलून सिद्धांत मांडणे अप्रामाणिकपणाचे होईल. एवढे मात्र दिसते की हजारो मतदारांनी काही मिनिटांच्या अंतराने दोन बटणे वेगवेगळी दाबली. तिजोरी मुंबईत कुणाच्या हाती द्यायची आणि दिल्लीत आपला माणूस कोण, हे दोन प्रश्न त्यांनी वेगळे मानले असण्याची शक्यता आहे. असा मतदार भोळा नसतो. त्याच्यासमोर जो मजकूर ठेवला जातो तो मात्र त्याला भोळा समजून लिहिलेला असतो.

जिल्हा परिषद, पंचायत समित्या, नांदेड-वाघाळा आणि लातूर महापालिका यांच्या निवडणुका बराच काळ रखडल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी ३१ जानेवारी २०२६ ची मुदत घालून दिली होती. पुन्हा पत्रके येतील. या पातळीवर तर कर्ता लपवणे अवघड असते. नळाला पाणी किती दिवसांआड येते, हे प्रभागातल्या प्रत्येकाला माहीत असते. उमेदवार दारात येईल तेव्हा त्याचे पत्रक हातात घ्यावे, पेन काढावे आणि प्रत्येक कलमापुढे चार शब्द लिहावेत : कोण, कुठे, केव्हा, कशातून. ज्या कलमापुढे जागा कोरी राहील, तिथे त्यालाच उत्तर लिहायला सांगावे आणि खाली सही घ्यावी. तो कागद मात्र रद्दीत टाकू नये.